कुंदाबाईची बोटं

"थांबा कुंदाबाई, थांबा. बोटं कुठं निघाली तुमची?"

जीवराम सरांनी हातातली लाकडी पट्टी हवेतच थांबवली. त्यांच्या टायपिंग क्लासची रीतच होती तशी. सर टेबलावर पट्टीनं ठेका धरणार आणि त्या ठेक्यावर खोलीतल्या सगळ्या मशिनी एकदम बोलणार. धुळ्याच्या पाचव्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर हा क्लास. खाली भांडी वाजायची, वर मशिनी. गिऱ्हाइकाला कळायचं नाही की आवाज नेमका कशाचा.

कुंदाबाईनं मशिनीतल्या कागदाकडे पाहिलं. पहिली ओळ शहाण्यासारखी आली होती. दुसरीत काना-मात्रा भलत्याच अक्षरांना जाऊन चिकटले होते. तिसरी ओळ कोणत्या भाषेतली आहे हे कोणाच्या बापाला सांगता आलं नसतं.

"ऑफिसात कॉम्प्युटरवर बसून आलात ना?" सरांनी विचारलं.

"हो सर. आज दिवसभर होते."

"मग तरीच. दिवसभर तिकडं शिकायचं आणि संध्याकाळी इकडं येऊन सगळं सांडायचं. घ्या, दुसरा कागद लावा."

मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरी खुदकन हसल्या. कुंदाबाई त्यांच्या आईच्या वयाची नसली तरी मावशीच्या वयाची होती. तिनं कागद ओढून काढला, घडी करून पिशवीत घातला आणि दुसरा लावला. मनात म्हणाली, या पोरींचं काय जातं, नापास झाल्या तर पुढच्या खेपेला बसतील. आपल्याला पुढची खेप नाही.

खरंच नव्हती. तिचा नवरा आधार बैसाणे सरकारी कार्यालयात लिपिक होता. कावीळ झाली, अंगावर काढली आणि गेला. त्याच्या जागी अनुकंपेवर कुंदाबाईला घेतलं. ती मॅट्रिक झालेली, म्हणून लिपिकाचीच खुर्ची मिळाली. पण नेमणुकीच्या आदेशात खाली एक अट होती: ठरल्या मुदतीत मराठी टंकलेखनाची परीक्षा पास व्हायची, नाही तर लिपिकाची खुर्ची सोडून शिपायाच्या जागेवर यायचं. आदेश हातात पडला त्या दिवशी त्या अटीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. रडणाऱ्या घरात अटी कोण वाचतं?

पहिल्या परीक्षेला ती हात थरथरल्यामुळे नापास झाली. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. नंतर हात स्थिरावला, वेग आला, सर म्हणायला लागले, "आता निघाली गाडी तुमची." आणि नेमकी त्याच सुमाराला कार्यालयात कॉम्प्युटर आला.

तो आला तेव्हा त्याला कोणी हात लावायला तयार नव्हतं. हेडक्लार्क पंडितनाना म्हणाले, "माझं रिटायरमेंट दाराशी येऊन उभं आहे. मला आता या टीव्हीसमोर बसवू नका." एकाचे डोळे दुखत होते, दुसऱ्याच्या बायकोचं बाळंतपण निघालं. शिकायला जळगावला जायचं होतं, रोज एसटीनं, सकाळी जायचं आणि दिवेलागणीला परत. राहिली कोण? सगळ्यांत नवी, अटीवरची, नाही म्हणायची सोय नसलेली कुंदाबाई.

जळगावच्या त्या वर्गात पहिल्या दिवशी तिला काही म्हणजे काही कळलं नाही. सांगणारा पोरगेला मास्तर म्हणे, कागद नाही लावायचा. मग अक्षर उमटणार कशावर? काचेवर. आणि ओळ संपली की? संपू द्या, ती आपोआप खाली जाते. कुंदाबाईचा त्यावर विश्वास बसेना. ओळ संपत आली की मशिनीची घंटी वाजते, आपण दांडी ओढून कॅरेज मागं आणतो, हे तिच्या हाडात बसलेलं. आपोआप कोणती गोष्ट होते जगात? ती प्रत्येक ओळीच्या शेवटी कळ दाबायचीच. मग मास्तरानं मधे एक शब्द घालून दाखवला आणि सगळ्या ओळी अशा तुटल्या, जणू उंदरानं कातरल्या.

शिवाय ती कळा जोरात हाणायची. मशिनीवर खाली तीन कार्बन असले तर बोटात ताकद लागते. इथं एकदा हाणलं की तेच अक्षर पाच वेळा. "मॅडम, गोंजारा, मारू नका," मास्तर म्हणाला. कुंदाबाईला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मॅडम म्हटलं होतं, त्या भरात ती पुढचं ऐकायचंच विसरली.

आणि पुढचं तेच महत्त्वाचं होतं. धुळ्याला परत आल्यावर तिनं पहिलं मोठं पत्र कॉम्प्युटरवर केलं, दोन पानांचं. पाच वाजले, शेवटचा परिच्छेद राहिला. तिनं मशिनीवर करायची तेच केलं. कागद मशिनीतच ठेवून वर टोपडं घालून घरी जायचं, सकाळी येऊन तिथूनच पुढं. तिनं बटण बंद केलं, टोपडं घातलं, खोलीला कुलूप लावलं. सकाळी उघडलं तर काचेवर काही नाही. तिनं मागं वाकून पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. पंडितनानांना हळूच विचारलं, "नाना, रात्री खोलीत कोणी आलं होतं का?" नाना म्हणाले, "चावी तर तुमच्याकडंच आहे." लिहिलेलं साठवून ठेवावं लागतं, आपण सांगितलं तरच ते यंत्र लक्षात ठेवतं, हे तिला त्या दिवशी कळलं. काल लिहिलेलं पत्र कुठं गेलं, हे मात्र तिला शेवटपर्यंत समजलं नाही. ते कुठं तरी असणारच, असंच तिला वाटायचं.

पण माणूस शिकतो. सहा महिन्यांत कुंदाबाई तिथं सराईत झाली. कॉम्प्युटरच्या खोलीत गारवा करणारं यंत्र, खाली गालिचा. चपला बाहेर काढायच्या, आणि साहेबांनी लिहून लावलेलं, परवानगीशिवाय आत येऊ नये. देवळापेक्षा जास्त सोवळं. साहेब स्वतः दारात उभे राहून विचारायचे, "बाई, आत येऊ का?" ही गोष्ट तिनं घरी सांगितली तेव्हा सासू नर्मदाबाईंनी तीन वेळा सांगायला लावली.

गोंधळ होता तो दोन यंत्रांचा. मशिनीवर अक्षरं आणि काना-मात्रा दोन्ही हातांत विखुरलेले. कॉम्प्युटरवर सगळे काना-मात्रा डाव्या हाताला आणि सगळी अक्षरं उजव्या हाताला. मशिनीवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, कॉम्प्युटरवर अक्षर आधी आणि वेलांटी मागून. बघायला गेलं तर कॉम्प्युटरचंच सोपं. पण परीक्षा मशिनीवर, आणि मुदतीत आता ती एकच उरलेली. नियमात टंकलेखन यंत्र असा शब्द होता आणि कॉम्प्युटर नावाची वस्तू नियमाला अजून माहीत नव्हती.

दिवसा हे, संध्याकाळी ते. बोटांनी तरी किती लक्षात ठेवायचं? कधी ऑफिसात मशिनीचं यायचं, कधी क्लासात कॉम्प्युटरचं. घरी भाजी निवडताना बोटं मांडीवर आपोआप हलायची आणि तिला कळायचं नाही की ती कोणत्या यंत्रावर चालली आहेत. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं झालं.

"काय व्हयनं वं माय? तोंड कसाले उतरेल शे?" नर्मदाबाईंनी त्या संध्याकाळी विचारलं.

कुंदाबाईनं पिशवीतला तो नासलेला कागद काढून दाखवला. नर्मदाबाईंना अक्षर येत नव्हतं. त्यांनी कागद उलटा धरून निरखून पाहिला.

"चांगला ते शे."

"नही शे आत्या. बठ्ठा चुकेल शे. दोन मशीनी शेतस ना, बोटं भुली जातस."

"चुल्हा बदलना म्हनीसन भाकर थापानं कोनी इसरस का?"

"भाकर नही शे ही," कुंदाबाई म्हणाली आणि तिला एकदम रडू आलं.

नर्मदाबाईंनी कागद खाली ठेवला. या बाईनं जिनिंग प्रेसमध्ये, मग एका शाळेत, मग कोर्टाच्या आवारात जन्मभर झाडू मारला होता. मुलगा खुर्चीवर बसला तेव्हा झाडू सुटला. मुलगा गेला तरी खुर्ची घरात राहिली, याचंच त्यांना बळ होतं. गल्लीत कोणी विचारलं की सांगायच्या, मनी सून कलार्क शे. नुसतं सांगायच्या नाहीत, दोनदा सांगायच्या.

"मी बठ्ठी उमर झाडू मारा," त्या म्हणाल्या. "तुले खुर्ची भेटनी. ती सोडानी नही. बस."

दुसऱ्या दिवशी कुंदाबाई धीर करून साहेबांकडे गेली. म्हणाली, "साहेब, परीक्षा होईपर्यंत मला कॉम्प्युटरवर बसवू नका. बोटं बिघडतात. माझी शेवटची संधी आहे."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी लगेच मान हलवली. "अगदी बरोबर. तुम्ही जुन्या मशिनीवर बसा. कॉम्प्युटरवर टोपडं घालून ठेवा."

आणि पाहा, पंधरवड्यात बोटं सुधारली. आठ तास जुनी मशीन, वर दोन तास क्लास. जीवराम सरांची पट्टी पुन्हा न थांबता चालू लागली. मागच्या पोरी हसायच्या थांबल्या. एक तर म्हणाली, "मावशी, तुमच्या शेजारी बसलं की माझाबी वेग वाढतो." कुंदाबाईला त्या रात्री स्वप्न पडलं तेसुद्धा मशिनीचंच, सरळ, एकाही चुकीशिवाय.

परीक्षा रविवारी होती. शनिवारी सकाळी साहेब तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"बाई, सोमवारी मुंबईहून वरिष्ठ येतायत. आढावा बैठक. अहवाल आज तयार पाहिजे. आकडे काल रात्री बदलले, जुन्या मशिनीवर हे एका दिवसात व्हायचं नाही. तुमच्याशिवाय कोण आहे मला?"

पंडितनाना समोरच बसले होते. साहेब वळल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "बाई, डोकं दुखतंय म्हणा. अर्धी रजा टाका आणि घरी जा. मी बघतो साहेबांचं. रजेचा अर्ज मी लिहून देतो."

नानांचं ऐकायला हवं होतं. कुंदाबाईला ते कळत होतं, कळत नव्हतं असं नाही. पण 'तुमच्याशिवाय कोण आहे मला' हे वाक्य तिच्या कानात अडकलं. जन्मात तिला असं कोणी म्हटलं नव्हतं. माहेरी ती पाच बहिणींतली तिसरी. सासरी आधारची बायको, कार्यालयात आधारच्या जागी आलेली. तिच्यावाचून कोणाचं अडलं होतं कधी? आज साहेबाचं अडलं होतं. तिला भीती वाटली आणि अभिमानही वाटला, आणि दोन्ही इतके एकमेकांत मिसळले की काय करावं हे सुचायच्या आत ती चपला काढून त्या गार खोलीत गेली.

अहवाल संपायला दिवस मावळला. साहेब तीनदा आत येऊन म्हणाले, "वा." चौथ्यांदा आले तेव्हा चहा घेऊन आले.

रविवारी सकाळी क्लासच्या मशिनी हातगाडीवर चढल्या. परीक्षेला मशीन आपली आपण न्यायची असते. जीवराम सरांनी प्रत्येक मशिनीला हळद-कुंकू लावलं, दोरीनं बांधलं, आणि आग्रा रोडवरून ती वरात केंद्राच्या शाळेकडे निघाली. सर पुढं, पोरी मागं, कुंदाबाई सगळ्यांत शेवटी, आपली मशीन घसरू नये म्हणून तिला हात लावून. चालता चालता ती मनात जागा घोकत होती. इकडं क, इकडं र. घोकता घोकता मधेच दुसरंच यायचं. ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

वेगाचा उतारा हातात पडला. विषय सोपा होता, केळीच्या लागवडीचा. घंटा झाली आणि शाळेची ती सबंध खोली कडकडायला लागली.

पहिल्या दोन ओळी कुंदाबाईच्या हातून छान गेल्या. तिलाच बरं वाटलं, आणि बरं वाटलं तिथंच घात झाला. तिसऱ्या ओळीत 'पिलाची निवड', म्हणजे लावायच्या कोंबाची, असे शब्द होते. बोटानं आधी अक्षर मारलं. वेलांटी मागून आली आणि पुढच्या अक्षरावर जाऊन बसली. कुंदाबाई थबकली. आता खरं कोणतं? आधी वेलांटी की आधी अक्षर? तिनं डोळे मिटून जीवराम सरांची पट्टी आठवायचा प्रयत्न केला. आठवलं ते साहेबांचं 'वा'. बोटं मशिनीवरून उठून परत बसली आणि ज्या घरात बसायला नको होती त्या घरात बसली. डावा हात काना-मात्रा शोधायला लागला, उजवा अक्षरं. कळा खाली जात होत्या, अक्षरं उमटत होती, आणि वाचता येईल असं त्यात काही नव्हतं. आजूबाजूला सगळे पुढं निघाले होते. तिनं हात थांबवले नाहीत. थांबली असती तर पर्यवेक्षकानं पाहिलं असतं. ती वेळ संपेपर्यंत मारत राहिली.

परत निघताना जीवराम सरांनी तिचा चेहरा पाहिला. हातगाडीवरची तिची मशीन त्यांनी स्वतःच बांधली.

निकाल जाहीर झाला तेव्हा कोणालाच आश्चर्य वाटलं नाही, नर्मदाबाई सोडून. त्यांना तिनं संध्याकाळी चुलीपुढं सांगितलं. शिपाई म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"मंग दप्तर झाडानं काम बी तुलेच का?"

"हा, आत्या. झाडानं, पानी भरानं, चहा देवाना."

नर्मदाबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "मंग सकाय मी येसू तुनासंगे. मी झाडसू. तू झाडूले हात नको लावू. कोनले काय समजस?"

"समजस आत्या," कुंदाबाई म्हणाली. "बठ्ठासले समजस." आणि तिनं सासूच्या पुढ्यातलं रिकामं ताट उचललं.

आदेश निघायचा होता. साहेबांनी मसुदा हातानं लिहिला आणि तो पंडितनानांच्या टेबलावर ठेवला. नाना म्हणाले, "मी करतो जुन्या मशिनीवर." पण त्यांना टायपिंग दोन बोटांचं, आणि आदेशाला प्रती लागणार होत्या सहा. दोनदा कागद फुकट गेला. कुंदाबाई आपल्या टेबलावरून हे बघत होती. शेवटी ती उठली.

"द्या नाना. माझ्याकडं द्या."

"बाई, अहो, तुमचाच आहे तो."

"म्हणूनच. नीट येऊ दे."

तिनं चपला काढल्या, आत जाऊन टोपडं काढलं, यंत्र सुरू केलं. श्रीमती कुंदाबाई आधार बैसाणे, कनिष्ठ लिपिक, यांनी विहित मुदतीत. बोटं कुठं अडखळली नाहीत. आता त्यांना दुसरं काही लक्षात ठेवायचं नव्हतं. तिनं लिहिलेलं साठवलं, पुन्हा एकदा वाचलं, प्रती छापल्या, कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या जपून फाडल्या आणि सही घ्यायला साहेबांसमोर ठेवल्या. साहेबांनी सह्या केल्या. वर बघितलं नाही. तिनं तिथंच आपली प्रत घेतली आणि मिळाल्याची सही केली.

ती वळली तसे साहेब म्हणाले, "बाई, एक मिनिट." ते तिच्या मागं गार खोलीपर्यंत आले. दारात थांबले. "कॉम्प्युटरचं काम मात्र तुम्हीच बघायचं. आदेशाचं आदेशापाशी. पद काही असो, खुर्ची तुमचीच. कोणी काही म्हणणार नाही. तोंडी समजा."

 कुंदाबाईला साहेबांचा राग का येत नव्हता, हेच तिला कळत नव्हतं. यायला हवा होता.

"लेखी द्या साहेब," ती म्हणाली.

"काय?"

"सकाळी झाडून झालं, पाणी भरून झालं की शिपायानं कॉम्प्युटरवर बसावं, असं लेखी द्या. उद्या तुमची बदली झाली तर नवे साहेब विचारतील, ही बाई इथं कशी बसली."

"आणि ते टाईप कोण करणार?" साहेब हसायचा प्रयत्न करत म्हणाले.

"मीच करते. तुम्ही सांगा."

ती बसली. नवीन पान उघडलं. वर कार्यालयाचं नाव घातलं, उजवीकडे तारीख घातली, खाली 'विषय' असं लिहून दोन टिंबं दिली. मग दोन्ही हातांची बोटं कळांवर ठेवली, जिथं ठेवायची असतात तिथं, आणि साहेबांकडे पाहिलं. साहेब अजून दाराबाहेरच उभे होते. बूट काढावेत की काढू नयेत, हे त्यांचं ठरत नसावं. त्यांनी एकदा घसा साफ केला. बाहेर पंडितनाना कोणाला तरी फोनवर मोठ्यानं ओरडून काही समजावत होते, ते थांबलं. काचेवर टिंबांच्या पुढं ती छोटी रेघ लुकलुकत होती.

"सांगा साहेब," कुंदाबाई म्हणाली. "विषय काय घालू?"

 कुंदाबाई बोटं न उचलता बसून राहिली.